चिंचवड नको

अहो,

भरीत आणि कळण्याच्या भाकरी डब्यात आहेत, गाडीत खा. मी धरणगावला माहेरी जातेय. तोंडावर बोलले असते तर रडूच आलं असतं.

आज पुण्यात चिंचवडचा फ्लॅट पक्का करू नका, हात जोडते. त्या सोसायटीत आपलं निम्मं फैजपूर राहतं म्हणून तुम्हाला तो आवडला, आणि मला तेवढ्याचसाठी नको. काल ज्योत्स्नाताईंच्या डोहाळजेवणात मोठ्या जाऊबाईंनी माझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं. तुम्ही बघितलंत आणि मठ्ठा वाढत राहिलात.

हडपसरला घर बघा, तुम्हाला कंपनी लांब पडली तरी. माझी दोन बाळं गेली, हे तिथे कोणालाच माहीत नाही. निदान एकदा तरी कोणाची ओटी भरायला मला बोलावतील.

कामिनी