ओल्या जळणाचा धूर

जळोची, बारामती
२८ एप्रिल २०२४

तीर्थरूप आबा,

स्वरालीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडचं सगळं बरं आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. ऊन मी म्हणतंय. घरमालकीणबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्यात आणि राखणीला मला बसवलंय. म्हणजे बघा, विमान चालवायचं लायसन्स खिशात असलेली तुमची नात सध्या चिमण्या हाकते आहे.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घालता ना? तुमच्यासाठी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारच्यांना वाटतं पोरगी म्हाताऱ्याशी भांडतेय. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलात ते वाया जायला नको.

मागच्या पत्रात मी कळवलं होतं की लायसन्स मिळाल्यावरचा पहिला लांबचा फेरा मी एकटीनं करणार आहे. रविवारी सकाळी बारामतीहून लातूर, तिथून सोलापूर आणि दुपार कलता कलता परत. त्यावर तुमचं एकाच ओळीचं कार्ड आलं, "येताना गाव दिसंल का?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. का दिलं नाही, ते सांगायलाच आज बसलेय. पण जरा दमानं घेते.

फेऱ्याच्या आदल्या दिवशी मी टेबलावर नकाशा पसरला, पट्टीनं रेघा मारल्या, वारा कुठून येईल, पेट्रोल किती लागेल याचा हिशेब मांडला. आणि आबा, एकदम आपलं अंगण आठवलं. दिवाळी झाली की मेंढरं घाटाकडं न्यायच्या आधी तुम्ही निंबाखाली बसून मातीत खडे मांडायचा. हा ओढा, हे तळं, हा पाटील रानात मेंढरं बसवून घेतो, हा कुत्रं सोडतो. मी शेजारी बसून तुमचे खडे उचलायची. तुम्ही ओरडायचा, "अगं, तळं उचललंस की माझं! आता मेंढरं पाणी कुठं पितील?" मग मी गपचूप तळं जागेवर ठेवायची. नकाशासमोर बसून मी एकटीच हसले.

मी खुणा केल्या त्याही आपल्याच पद्धतीच्या. आपल्या भागातलं पोर वाट सांगताना काय सांगतं? कारखान्याचं धुराडं. मी भवानीनगरच्या धुराड्याला लाल गोल केला. त्याचा धूर सगळ्या शिकण्याच्या दिवसांत मला लांबून दिसायचा. तो दिसला की समजायचं, बारामती आली.

जाताना काय मजा आली म्हणून सांगू! लातूरला उतरले, सोलापूरला उतरले, दोन्हीकडे चाकं अशी टेकली की अनिता मॅडमनी बघायला हवं होतं. मॅडम म्हणजे मला शिकवणाऱ्या, तुम्ही त्यांना 'इमानाची मास्तरीण' म्हणता त्या. सोलापुरात डब्यातली चटणी-भाकरी खाल्ली. तिथला एक कर्मचारी म्हणाला, "ताई, एकट्याच आलात?" मी म्हटलं, "हो, आमच्यात एकटीनंच येतात." शेखी मिरवली थोडी. मिरवायलाच हवी होती.

येताना मात्र घोळ झाला.

वारा मी मांडला होता तसा राहिला नाही. वाट दाखवणारा टॅब उन्हानं तापून बंद पडला, म्हणजे आता कागदाचा नकाशा आणि माझे डोळे. मी धूर शोधायला लागले. आणि धूर कुठंच नाही! गळीत हंगाम संपलेला, आबा. सगळे कारखाने थंड. ज्या बाईचा सारा जन्म उसाच्या मुलखात गेला तिला हे आधी सुचू नये? धूर नसला की सगळी धुराडी सारखीच दिसतात. मला एक दिसलं, तेच भवानीनगरचं धरून मी वळले. ते भलतंच होतं.

थोड्या वेळानं पुढं उजनीचं पाणी दिसायला हवं तसं दिसेना. नकाशात एवढी मोठी निळी पसरण आणि खाली नुसती भेगाळलेली राखाडी जमीन, मध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी. यंदा पाणी किती खाली गेलंय हे तुम्ही रोज दारातून बघता. मी नकाशातलं पाणी शोधत होते. रेडिओवर विचारायला तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. मला रडायला आलं आणि मी रडले. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही.

आणि मग दिसला तो.

पांढरा, दाट, एका जागेवरून उठणारा. पाचट पेटवल्याचा धूर काळपट असतो आणि रानभर पसरतो. हा तसा नव्हता. हा ओल्या जळणाचा होता. मी पाच-सहा वर्षांची असेन, तुमच्या खांद्यावर कोकरू आणि बोटाला मी, घाटात अंधारून आलेलं आणि आपण मागं राहिलेलो. आजी बायकांबरोबर घोड्यावर बिऱ्हाड घालून सकाळीच पुढं गेलेली. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "गप गं. ते बघ, म्हाळसाचा धूर. वलं जळण घालती ती, मागच्याला दिसावं म्हणून. चुलीचा धूर दिसला का घर आलं." तेवढ्यावर मी गप्प झाले होते. त्या रविवारी वरतीही तशीच झाले.

धुराच्या रोखानं आले तर खाली काळ्या दगडाचं देऊळ. पळसनाथाचं. कळस उघडा, पायऱ्या उघड्या, बाजूला घरांच्या जोत्यांच्या रेघा. म्हटलं, हे आपलं धरणात बुडालेलं जुनं पळसदेव! इथून बारामती म्हणजे सरळ मावळतीला, सूर्य नाकासमोर धरायचा. मग कुठं आवाज फुटला, रेडिओवर बोलले आणि बघता बघता धावपट्टीवर आले. मॅडम म्हणाल्या, "छान." मी मान हलवली आणि खोलीवर येऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर मी विमानाला हात लावलेला नाही. बाबांना सांगते वारा फार आहे, मॅडमना सांगते डोकं दुखतंय. खरं म्हणजे मी भ्याले आहे. कालपर्यंत ठरलंच होतं, लायसन्स ट्रंकेत टाकायचं आणि गावाकडं यायचं. त्या दिवशी दैवानं धूर दाखवला, दर वेळी कोण दाखवणार?

काल बाबांचा फोन आला. हसत होते. "तुझ्या आबाला काय झालंय कळंना बघ. तुझं इमान होतं त्या रविवारी भर उन्हात गाळातनं पार जुन्या देवळापातुर गेला. वला पाला न् शेणी पेटवून बसला चार तास. मासं धरणारी पोरं इचारत्यात, आबा, सैपाक करताय व्हय? तर म्हणतो, न्हाय रं, मागं माणूस राह्यलंय आमचं."

मी फोन ठेवला आणि कुरडयांपाशीच बसून पोटभर रडले. चिमण्यांनी काल चैन केली.

आबा, तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मी चुकले हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, चुकेन अशी शंकाही नसेल. मागून कुणी यायचं असलं की धूर करायचा, एवढंच आपल्यात ठरलेलं. मेंढरं विकून इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या हातून ते सुटलं नाही. आजी गेली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "म्हाळसा बिऱ्हाड घेऊन म्होरं गेली." मला वाटलं होतं, आता आपल्या घरात धूर करणारं कुणी उरलं नाही. मला तुमची फार आठवण येते.

आता तुमच्या कार्डाचं उत्तर. होय, गाव दिसलं. तुमची चौथीची शाळा कुठली ते मला ओळखता आलं नाही, ते तुम्ही सांगा. देऊळ दिसलं. त्याच्याजवळ एक ठिपका होता, पांढऱ्या पटक्याचा. मला वाटलं बगळा आहे.

येत्या रविवारी मी तोच फेरा पुन्हा करणार आहे. मॅडमना आज सकाळी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या, मग नकाशा घेऊन माझ्याशेजारी बसल्या. या वेळी धुराड्यांना गोल केलेले नाहीत, वाराही नीट मांडलाय, आणि वाट चुकले तर रेडिओवर लगेच विचारीन. तुम्हाला त्रास नको, असं लिहिणार होते, पण लिहीत नाही. तुम्ही धूर करा. सावलीला छत्री न्या, पाण्याची कळशी न्या, पोरं हसली तर हसू द्या. मी देवळावरून जाताना पंख हलवीन. ओरडू मात्र नका. तुमचं मला ऐकू येणार नाही आणि माझं तुम्हाला. आपल्या दोघांना धूर पुरतो.

मागं राहिलेलं तुमचं माणूस,
स्वराली