मनगटाला कळेल असं घड्याळ

लोणावळा,
१२ ऑक्टोबर २०२४

ती. नंदाआत्यास,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. इर्शादभाई ते प्रेसमध्ये सगळ्यांना दाखवत माझ्या टेबलापर्यंत घेऊन आले. पोस्टानं घरचं पत्र येणारी अख्ख्या लोणावळ्यात मी एकटीच उरले असेन, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना लिहून दाखवलं, की शाळेच्या वसतिगृहात होते तेव्हापासून आत्या मला लिहिते. फोनवर आमचं जमायचं नाही. मला ऐकू येत नाही आणि तिला मोबाइलवरची अक्षरं सापडत नाहीत.

आता बातमी. जानेवारीत पवना धरणावर एक स्पर्धा आहे. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मी आणि सानियानं नावं दिली आहेत. सानिया म्हणजे इर्शादभाईंची बहीण. माझ्या शेजारी बसून पत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करते, आणि माझ्याकडून हातांची भाषा इतकी छान शिकली आहे की आम्ही काम करता करता भांडूसुद्धा शकतो. पळायला आम्ही कुरवंड्याच्या चढाला जातो, सायकल इर्शादभाईंची जुनी मिळाली आहे, आणि तू विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकवलंस ते आता उपयोगी पडतंय.

अडचण आहे घड्याळाची. किती पळालो, सायकलचा वेग किती, पाण्यात किती अंतर गेलो हे सांगणारी जीपीएसची घड्याळं असतात. बाकीचे हौसेनं घेतात, मला मात्र गरज आहे. पोहणाऱ्यांना परत बोलवायचं झालं तर नावेवरून शिट्टी वाजवतात. मला शिट्टीचा काय उपयोग? सानियानं तोड काढली. घड्याळ थोड्या थोड्या वेळानं मनगटावर थरथरेल असं लावायचं, आणि थरथरलं की मी डोकं वर काढून नावेकडे बघायचं. म्हणून मी परवडणारं, पाण्यात चालणारं आणि जोरात थरथरणारं घड्याळ शोधते आहे. सानियाचं लावून बघितलं. त्याला बटणं नाहीत, नुसती काच. ओलं बोट तिला कळत नाही आणि पाण्याच्या थेंबानं मात्र भलतंच काहीतरी सुरू होतं.

आबांना अजून सांगितलेलं नाही. तू सांगशील? पण त्यांचं जेवण झाल्यावर सांग.

गुडघ्याला तेल लावत जा. तुझी माया आहे तशी असू दे.

तुझी,
राजी

---

टाकवे बुद्रुक,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. राजेश्वरी हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. हितं भात कापणीला आलंय आन् तुझ्या आबाला कंपनीतनं सुट्टी मिळंना, म्हणून मीच मजुरांच्या मागं हाय. गुडघ्याला तेल लावायला बसायचं कधी ते सांग.

आबाला सांगितलं. जेवण झाल्यावर सांगणार हुते, पर माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई हे त्याला लहानपणापास्नं ठाऊक. पहिल्याच घासाला विचारलं, काय झालंय म्हणून. ऐकलं आन् भाकरी तशीच ठेवून उठला. रस्त्यानं पळू दे, सायकल चालवू दे, पण पाण्यात न्हाई, असं म्हणाला. पाण्यात मागनं कुणी बोलावलं तर तिला कळणार कसं, म्हणाला.

त्याचा राग धरू नकोस. तू तीन वर्सांची असताना तापात कान गेलं, तवापास्नं तुला मागनं हाक मारायची त्यानं सोडूनच दिली. हाकेच्या जागी धावत जातो. तुझी आई गेल्यावर तर लयच. अजून बी गावात यष्टी शिरली की दारात येऊन उभा ऱ्हातो, तू हितं नसलीस तरी. मी म्हणलं, विहिरीत मी पोरीला सोडली तवा तू कुटं हुतास. मग परत भाकरीवर बसला.

थरथरणारं घड्याळ मिळालं तर मला बी एक बघ. दुपारचा डोळा लागतो आन् दूध उतू जातं.

दिवाळीला लवकर ये. सानियाला फराळ द्यायचाय, तिच्या आईला माझा सलाम सांग. आम्हा दोघांना मनात ठेव.

तुझी,
आत्या

---

लोणावळा,
११ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फराळ सानियाच्या घरी पोचला. चकल्या तिनं वाटेतच संपवल्या.

हे पत्र आबांच्या हाती लागू देऊ नकोस. पाडव्याला त्यांनी मला घड्याळाचा डबा दिला, तेव्हा मी हसले, पाया पडले आणि ते लगेच हातात घातलं. तू लांबून बघत होतीस आणि तुझेही डोळे भरले होते. म्हणून तुलाही तेव्हा काही बोलले नाही.

आत्या, ते घड्याळ माझ्या उपयोगाचं नाही. दिसायला देखणं आहे. पण त्याला स्वतःचं जीपीएस नाही. फोन जवळ असला तरच ते रस्ता मोजतं, आणि पाण्यात मी फोन कुठे नेऊ? डब्यावर मागे बारीक अक्षरात लिहिलंय, पावसाचे शिंतोडे चालतील, घालून पोहू नये. थरथर एवढी हलकी की मनगटावर माशी बसल्यासारखी वाटते. आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात त्याची खासियत छापली आहे, की याच्यातून फोनवर बोलता येतं. ते वाचून मी आधी हसले. मग दार लावून घेतलं आणि रडले. निघताना ते डब्यासकट तुझ्या पेटीत लपवून आले आहे.

पाण्यात जायला नाही म्हणणाऱ्या आबांनी मला पोहायला म्हणून घड्याळ आणलं. याचा अर्थ त्यांनी परवानगी दिली की नाही, तेही कळत नाही. सानिया म्हणते, सरळ सांगून टाक. मला ते जमणार नाही. इतरांना कटू बोलून खाली बघता येतं. मला उत्तर समजायचं तर त्यांच्या ओठांकडे बघावंच लागतं, आणि आबांचा पडलेला चेहरा मला बघवत नाही.

काय करू ते कळव. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझी,
राजी

---

टाकवे बुद्रुक,
१ डिसेंबर २०२४

चि. राजेश्वरी हिस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. झोडणी चालली हुती. आन् खरं सांगायचं तर मला बी धीर होत नव्हता.

शेवटी परवा त्याला सांगितलं. पत्र दाखवलं न्हाई, तोंडीच सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. तळेगावात त्या दुकानदाराला लय खोदून विचारलं हुतं म्हणाला. पळायला चालतंय का, सायकलला चालतंय का, पाण्यात चालतंय का. त्यो सगळ्याला व्हय म्हणत गेला. मग म्हणाला, दुकानदाराला सगळं विचारलं मी, पोरीला काय पायजे ते विचारलंच न्हाई.

डबा फोडल्यामुळं घड्याळ परत घेत न्हाईत. तू हितं ठेवून गेलतीस, ते मी त्यालाच घालायला लावलं. आता शेतात त्याला फोन केला की त्याचं मनगट बोलतं. ते एवढं मोठ्यानं बोलतं, की काल मी त्याला मिरच्या आणायला सांगितल्या त्या साऱ्या आळीनं ऐकल्या. शेजारच्या रतनबाईनं दोन मुठी मिरच्या घरी आणून दिल्या.

येत्या रविवारी त्यो तुझ्याकडं येतोय. पाण्याबद्दल मला काय बोलला न्हाई, मी बी विचारलं न्हाई. तुमचं तुमी बघा. त्याला इर्शादच्या हातचा चहा पाज, त्यो त्याला आवडतो.

इकडं सगळं बरं. आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझी,
आत्या

---

लोणावळा,
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल आबा सकाळीच आले. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, तुला कसलं घड्याळ पाहिजे ते मला नीट समजावून सांग. मी कागदावर चित्र काढून सांगितलं. मग आम्ही दोघं पुण्याला गेलो.

दुकानातला मुलगा मला ऐकू येत नाही हे कळल्यावर आबांशीच बोलायला लागला. आबांनी त्याला थांबवलं. घड्याळ ती घेणार आहे, तिच्याकडे तोंड करून हळू बोल, असं सांगितलं. आत्या, त्यानंतर तो माझ्याशी इतका नीट बोलला की मला सगळं समजलं.

त्यानं तीन घड्याळं काढली. एकात तिन्ही खेळ एका दमात जोडायची सोय होती, म्हणजे पाण्यातून बाहेर येऊन एक बटण दाबलं की सायकलचं मोजमाप सुरू. पण ते माझ्या आवाक्याबाहेरचं. दुसरं स्वस्त होतं, पण नुसत्या काचेचं. तिसरं दोन वर्षांपूर्वीचं, जाडजूड, जरा कुरूप. पण त्याला पाच बटणं, स्वतःचं जीपीएस, आणि ते उघड्या पाण्यात पोहायलाही चालतं. गाणी ऐकायची सोय नाही म्हणून त्या मुलाला फार वाईट वाटत होतं. मला तेवढं नाही वाटलं.

आबांनी तिन्ही घड्याळं थरथरायला लावली आणि एकेक मुठीत धरून डोळे मिटून उभे राहिले. दुकानातली माणसं बघत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि ते माझ्या हातात दिलं. थरथर पार कोपरापर्यंत गेली. तेच घेतलं. पैसे मीच दिले, त्यावरून थोडी ओढाओढ झाली. प्रत्येक खेळानंतर मला ते थांबवून पुढचा लावावा लागेल, त्याला माझी तयारी आहे. दुकानातल्या मुलानं एक कामाची गोष्ट सांगितली. पोहताना हात सारखा पाण्याखाली जातो, म्हणून जीपीएसचं अंतर पुढेमागे होतं. म्हणून आम्ही थरथर अंतरावर न लावता वेळेवर लावली.

निघताना आबा एवढंच म्हणाले, की त्या दिवशी पाण्यावर मी येणार. त्याचा अर्थ हो की नाही, ते मी विचारलं नाही.

तूही ये. लोभ आहेच, तो कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
राजी

---

लोणावळा,
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या म्हशीनं व्यायला नेमका कालचाच दिवस धरला. तू यायला हवी होतीस. आणि नव्हतीस तेही बरंच झालं.

सकाळी पाणी अगदी शांत होतं. आम्ही उतरलो, आणि थोड्याच वेळात तुंग किल्ल्याच्या बाजूनं वारा सुटला. लाटा उठायला लागल्या. आयोजकांनी पोहणं थांबवलं आणि नावांवरून शिट्ट्या वाजवून सगळ्यांना परत बोलावलं. हे मला नंतर कळलं. सानिया माझ्या बरीच मागे होती. ती मला गाठायला निघाली, पण वारा आडवा होता आणि तिला पुढे सरकता येईना. नाव दुसऱ्या टोकाला एका दमलेल्या मुलाला वर घेत होती. मी आपली वळायची खूण म्हणून सोडलेल्या नारिंगी फुग्याच्या दिशेनं हात मारत चालले होते. शेजारी कुणी दिसेना, तेव्हा मला वाटलं, आज मी सगळ्यांच्या पुढे आहे.

मग घड्याळ थरथरलं. मी डोकं वर काढलं. पुढे कुणी नव्हतं. मागे वळून बघितलं तर सगळ्या पिवळ्या टोप्या काठाकडे चालल्या होत्या आणि नाव माझ्याकडे वळत होती. मी लगेच फिरले. तुला खरं सांगते, तोवर मला भीती वाटली नव्हती. फिरल्यावर वाटली. लाट तोंडावर येत होती आणि काठ जवळ येत नव्हता. नावेतल्या माणसानं दोर टाकला, पण मी नुसती नावेच्या आडोशाला राहिले आणि पोहतच परत आले.

काठावर आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. विजार, स्वेटर, सगळं भिजलेलं. हाका मारून त्यांचा घसा बसला होता, असं सानियानं नंतर सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळावर तळवा ठेवला, आणि ते पुन्हा थरथरेपर्यंत सोडलं नाही.

पोहणं रद्द करून आयोजकांनी त्याऐवजी आधी थोडं पळायला लावलं, मग सायकल, मग पुन्हा पळणं. मी मधल्या घोळक्यात आले. सानिया माझ्या पुढे आली आणि कालपासून तिला दुसरा विषय नाही.

परत येताना आबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे मला त्यांचे ओठही दिसेनात. आता ते मला पुन्हा पाण्यात जाऊ देणार नाहीत, असं वाटतं. त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. काय म्हणतात ते कळव. चांगलं नसलं तरी कळव.

तुझी,
राजी

---

टाकवे बुद्रुक,
२६ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरी हिस,
आबाचा आशीर्वाद.

म्हशीला रेडी झाली. दोघी बऱ्या हायती. तुझ्या आत्यानं तुझं पत्र मला दिलं आन् म्हणाली, ह्येचं उत्तर तूच लिव्ह. मला लिवायची सवय न्हाई. चुकलं तर संभाळून घे.

पाणी बंद कर असं मी म्हणणार न्हाई. मी भ्यालो हुतो, ते खोटं न्हाई. पर तू फिरलीस आन् तुझ्या हातानं पोहत माघारी आलीस, ते मी डोळ्यांनी बघितलं.

गाडीत मी दुसऱ्याच इचारात हुतो. त्या दिशी काठावर लय माणसं वरडत हुती. ज्यांना ऐकाया येतं त्या पोरांना बी वाऱ्यात काय ऐकू जात नव्हतं, काहींना तर हाताला धरून फिरवावं लागलं. मग तू नावेच्या आडनं येताना दिसलीस. सानिया माझ्या म्होरं पाण्यात उभी हुती. तिनं हात वर करून तुला काय तरी इचारलं. तू एक हात वर काढून तिला काय तरी सांगितलंस. ती हसली. एवढ्या लांबनं तुमी दोघी बोलत हुता आन् मी मधी उभा. मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. पोरगी बरी हाय का, येवढं बी मला त्या दुसऱ्या पोरीला इचारावं लागलं.

तू माझं तोंड वाचतीस, म्हणून आजवर आपलं भागलं. पर तोंड लांबनं दिसत न्हाई. हात दिसत्यात.

मला ती हाताची भाषा शिकव. येत्या रविवारी येतो, सकाळच्याला. तुझी आत्या बी येते म्हणती, पर तिची बोटं माझ्यापरास चपळ हायती, ती म्होरं गेली तर मला हसू नका. माझी बोटं मशिनीवर काम करून आखडल्यात. दमानं शिकव. सानियाला बी थांबायला सांग.

पयलं 'माघारी ये' कसं म्हणायचं ते शिकव. ते आलं की मग 'जा म्होरं' शिकव. मला दोन्ही लागणार हायती.

जपून ऱ्हा.

तुझा,
आबा