साहेबांनी एकदा विमानात बसावे म्हणून

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
डोंगरी विमानपट्टी विभाग, मिरी.

विषय : पुढील पाहणीस ट्रकने न येता अर्जदाराच्या विमानाने येणेबाबत.
संदर्भ : आपली मागील पाहणी व तिचे गावावर झालेले परिणाम.

महोदय,

अर्जदार लियान बालांग हा पा तेरांग हे डोंगरातले गाव ते मिरी शहर या मार्गावर छोटे विमान चालवतो. आजवर त्याच्या विमानातून शाळेचे बाक, डुकराची पिले, पाद्रीबाबा व एक रडणारी नवरी सुखरूप उतरली आहेत. कोणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.

गेल्या महिन्यात आपण आमच्या विमानपट्टीची पाहणी करण्यास आलात, ते लाकूडतोडीच्या रस्त्याने, ट्रकमधून, कमरेपर्यंत चिखलाने माखून. पट्टी उत्तम असल्याचा शेरा दिलात आणि पुन्हा ट्रकमध्येच चढलात. गावाने शेरा वाचला नाही, ट्रक पाहिला.

तेव्हापासून लोक विमानात चढताना एकमेकांची क्षमा मागतात. एका गृहस्थाने तर आपली म्हैस मेहुण्याला द्यावी, असे पंखा सुरू असताना ओरडून सांगितले. तो धडधाकट परत आला, पण मेहुणा म्हैस परत देईना. सबब तो अर्जदारालाच दोष देतो.

हेही सोसले असते. परंतु अर्जदारास मिरी येथे कन्यारत्न झाले आहे. आमच्याकडे पहिले नातवंड झाले की आजी नवे नाव घेते व ते मेजवानीत जाहीर होते. मेजवानी येत्या शनिवारी मिरीत आहे आणि मातोश्री श्रीमती सुपांग विमानात बसण्यास तयार नाहीत. ट्रकने जाईन म्हणतात. मागे ट्रक उलटूनच त्यांचा खुबा मोडला होता व डॉक्टरांनी ट्रकला सक्त मनाई केली आहे. समजावू गेल्यास म्हणतात, "ट्रक पडला तर जमिनीवरच पडतो रे. तुझं विमान पडलं, तर आधी जमीन शोधत बसायचं?" आजारी माणसे ज्याच्या भरवशावर इस्पितळात जातात, त्याला सख्खी आई नाही म्हणते, याचे अर्जदारास फार वाईट वाटते.

रविवारी तोल जाऊन अर्जदार म्हणाला, "साहेब विमानात बसत नाहीत, कारण ते भित्रे आहेत!" सदर शब्दाबद्दल क्षमस्व. मातोश्री लगेच म्हणाल्या, "अगंबाई, भितो होय बिचारा? मग आधी नाही का सांगायचंस? घेऊन ये त्याला. मी शेजारी बसते, हात धरते त्याचा."

आता त्या स्वतःहून सामान बांधून बसल्या आहेत. आपल्यासाठी पानात गुंडाळलेला भातही घेणार आहेत.

तरी शुक्रवारी सकाळी अर्जदाराबरोबर मिरीहून यावे व मातोश्रींसोबत परतावे. त्यांचा गैरसमज कृपया दूर करू नये. आपण मुळीच भीत नसलात, तरी मिरीला उतरेपर्यंत भ्यावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व सावध चालक,
(सही)
लियान बालांग
पा तेरांग, दि. ९ ऑगस्ट

सोबत : आपले तिकीट (परतीचे धरून).