सातवं गाणं अर्ध्यावरच

१४ जून १९८८, मंगळवार

मिळाली! एकदाची मिळाली!

आठ दिवस कॅसेटवाल्या सूसै अण्णाचींच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या. ‘पनैयडि निला’ या नव्या सिनेमाच्या खऱ्या कॅसेटी अख्ख्या तूत्तुकुडीत पाचच आल्या आणि दुपारपर्यंत संपल्या. मग काय, साठ मिनिटांची कोरी कॅसेट विकत घेऊन त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, भरून द्या. त्यांच्याकडे रांग केवढी! कॉलेजची पोरं, लग्नघरची माणसं, एक पाद्रीसुद्धा. आज हातात ठेवली तेव्हा म्हणाले, ‘हळू ऐक गं बाई, गाणी कुठे पळून जात नाहीत.’

आत कागदावर त्यांच्या हिरव्या शाईत सहा गाण्यांची नावं. घरी येऊन ऐकते तर सात निघाली! सातव्याचं नाव लिहायला कागदावर जागा उरली नसेल.

सगळ्यांत सुंदर तेच आहे.

१५ जून

आज तेच. पाच वेळा.

१९ जून, रविवार

इळंगो बंदरात, क्रेनवर. मामंजी जेवून आडवे झालेले. मी टू-इन-वन घेऊन गच्चीवर, ताडपत्रीच्या सावलीत. समोर मिठागरांचे पांढरे ढीग. डोळे मिटले की तेही दिसत नाहीत, नुसतं पांढरं पांढरं काहीतरी राहतं, आणि त्यात गाणी चालू होतात.

संगीतकार नवा आहे, पहिलाच सिनेमा. पण काय करतो हा माणूस! पहिल्या गाण्यात आधी नुसती बासरी, एकटीच, जणू कुणाला शोधतेय. सापडत नाही. मग व्हायोलिनं येतात, सगळी एकदम नाही, दोन, मग चार, मग मोजणं सुटतं. तिसऱ्यात दोन कडव्यांच्या मधे गायिका नुसती श्वास घेते, तो श्वाससुद्धा त्याने तालात बसवलाय. पाचवं बैलगाडीचं आहे, ते मला तितकं आवडत नाही. पण त्यातला घटम वाजायला लागला की पोटात काहीतरी हलल्यासारखं होतं. तिसऱ्या महिन्यात हलत नसतं म्हणे. नसू दे.

आणि सातवं. त्यात काहीच नाही! एक बाजाची पेटी, एक ढोलक आणि मुलीचा आवाज. मागे खरखर. मुद्दाम जुनाट ठेवलंय. बाकी सहा गाण्यांत एवढा वाद्यमेळ आणि शेवटी हे इतकं साधं — केवढी त्याची अक्कल! मुलगी दीपस्तंभाला म्हणते, जरा डोळा मिट ना, कुणीतरी लपून यायचंय मला भेटायला. आवाज कोवळा, पण भित्रा नाही. पहिलं कडवं होतं, दुसऱ्याचा पहिला शब्द येतो आणि — कट्. टेप संपते.

पुढे काय होतं? दिवा डोळा मिटतो की नाही?

आज सकाळी खाली ओट्यावर बसून लावली होती. सातवं सुरू झालं आणि आत्याने उखळात मिरच्या कुटायला घेतल्या. धाड् धाड्! मला ठसका, गाण्याचा चुराडा. कालही असंच. परवाही. सहा गाणी गुमान ऐकते, सातव्यालाच तिला मुसळ आठवतं.

आत्या माझी सख्खी आत्या. अप्पांची धाकटी बहीण. लहानपणी कोविलपट्टीला आली की माझ्यासाठी ताडगुळाच्या वड्या आणायची, केस विंचरायची. आता सासू झाली. तिच्या मुलाला, इळंगोला, मी जन्मभर अरे-तुरे केलं, आता चारचौघांत अहो म्हणायचं. तेही केलं. तरी मिरच्या का?

२ जुलै

रेडिओला चौथं पोस्टकार्ड टाकलं. ‘पनैयडि निला’तलं दीपस्तंभाचं गाणं लावा, पूर्ण लावा. आज बाईंनी माझं नाव वाचलं, तूत्तुकुडी, पूंगोदै इळंगो! मी पातेलं तसंच टाकून धावले. आणि लावलं काय? बैलगाडी.

इळंगो हसून हसून लोळला. म्हणाला, दिवादांडीवरच अर्ज कर, बंदरात ओळख आहे आपली.

१७ जुलै

आत्याने आज शेजारच्या बाईला सांगितलेलं ऐकलं, की आमच्या सुनेला डोहाळे लागलेत ते कैरीचे नाहीत, कॅसेटीचे. बाळ जन्मल्यावर रडायच्या आधी ताल धरेल.

वाईट वाटलं. मग हसूही आलं. तिने म्हटलं होतं मात्र छान.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

सिनेमा आला. पहिल्याच दिवशी गेलो, मी, इळंगो, मामंजी. आत्या नाही आली, गुडघे दुखतात म्हणाली. पडद्यावर सिनेमाचं नाव आलं तेव्हा पोरांनी कागदाचे तुकडे उधळले, माझ्या वेणीत अजून निघतायत.

बासरी आली तेव्हा मला रडू आलं. गोष्ट अगदीच सामान्य. नायक ताडावर चढतो, नायिका खालून बघते, आणि दोघांचे बाप भांडतात. मी वाट बघतेय सातव्याची. मध्यंतर झालं. बैलगाडी झाली. नायिका समुद्रावर गेली, मी इळंगोचा हात दाबला — आता! तर ती परत आली. मग मारामारी, लग्न, दिवे लागले.

गाणं नाहीच.

‘कापलं असेल,’ मामंजी म्हणाले. ‘लांबी वाढली की कापतात.’ सिनेमातलं सगळ्यांत चांगलं गाणं कापतात? आत्याने वाढताना विचारलं, कसा होता. मी म्हटलं, माझं गाणं कापलं. तिने सोदी, ती नारळाच्या दुधाची आमटी, जरा जास्त वाढली.

१३ ऑगस्ट

आज भांडायलाच गेले सूसै अण्णाचींकडे. म्हटलं, तुम्ही तरी पूर्ण का नाही भरलं? टेप संपत होती तर बैलगाडी कापायची होती!

त्यांनी हातातला रुमाल खाली ठेवला. विचारलं, कुठलं गाणं? मी गुणगुणले. ते स्टुलावर बसले.

ते त्या सिनेमातलं नाहीच. कुठल्याच सिनेमातलं नाही.

त्यांच्या धंद्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाला कोरी टेप परत द्यायची नाही, ते माप मारल्यासारखं होतं. शेवटी दोन-चार मिनिटं उरली की काहीतरी भरायचं. बाकीचे दुकानदार जाहिरात भरतात नाहीतर देवाचं गाणं. हे उरलेल्या जागेत ही मुलगी भरतात. बावीस-तेवीसचे असताना ह्यांचा गाण्याचा मेळ होता, लग्नात, चर्चच्या जत्रेत वाजवायचे. बाजा यांचा, चालही यांची, शब्द एका मास्तरांचे. ते मास्तर आता नाहीत. आणि गायला ही. कोलंबोहून एका खलाशाने टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर हे एकच गाणं घेतलं, एकसष्ट साली. ‘साठ-सत्तर घरांत असेल ती आता,’ म्हणाले. ‘कुणी कधी विचारलं नाही. तू पहिली.’

आणि मी त्या बिचाऱ्या नव्या संगीतकाराला डोक्यावर घेऊन नाचत होते!

मी म्हटलं, मग पूर्ण गाणं द्या. ते म्हणाले, नाही. जुन्या टेपचं पुढचं भेंडोळं खाऱ्या हवेने खाल्लं, हात लावला की तुकडे पडत होते. वाचलं तेवढंच आहे. यांना चाल आठवते, शब्द नाहीत.

तिला आठवत असतील, मी म्हटलं. कुठे असते ती?

मग म्हणाले, नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. चर्चच्या जत्रेत गात होती, तेवढ्यात तिचा थोरला भाऊ स्टेजवर चढला आणि सगळ्यांसमोर तिला हाताला धरून खाली घेऊन गेला. महिन्याभरात लग्न लावून दिलं. ‘काडेपेटीच्या कारखान्यात होता. कोविलपट्टीहून आला होता.’

मी उठले. छत्री तिथेच विसरले.

कोविलपट्टीला काडेपेटीच्या कारखान्यात माझे अप्पा आहेत. त्यांना एकच बहीण.

१४ ऑगस्ट

कॅसेट लावली नाही.

१६ ऑगस्ट

आज सकाळपासून तिच्याकडे बघतेय. इडलीचं पीठ ओतताना, नळावर भांडताना, मामंजींची गोळी शोधताना. या गळ्यातून ते निघालं होतं? ती ओरडते तेव्हा कावळे उडतात. आणि मला वाटत होतं मिरच्या माझ्यावरच्या रागाने! तिला स्वतःलाच ऐकवत नव्हतं.

इळंगोला सांगितलं नाही. त्याला वाटतं त्याच्या आईला गाणं म्हणजे कटकट. अप्पांचा मात्र राग राग येतोय. तेच अप्पा मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवायचे. मला रेडिओ त्यांनीच घेऊन दिला. मुलीला रेडिओ, आणि बहिणीला?

विचारू का तिला? जिभेवर येतं, मागे जातं.

३० ऑगस्ट

काही नाही. पाय सुजलेत.

११ सप्टेंबर, रविवार

दुपारी आत्या घेवडा निवडत होती. मी भिंतीला टेकून. एकदम म्हणाली, ‘ती तुझी कॅसेट मुंग्यांनी खाल्ली का? महिना झाला, घरात कसं मेल्यासारखं शांत.’

मी लावली. दुसरी बाजू. चौथं, पाचवं, सहावं. ती निवडत होती. मग खरखर सुरू झाली. उखळ कोपऱ्यात होतं, ती उठली नाही. घेवड्याची एक शेंग हातात तशीच धरून ऐकत राहिली. वीस वर्षांची ती माझ्या बाजूला गात होती आणि सत्तेचाळीस वर्षांची ती समोर बसली होती. उन्हाचा पट्टा तिच्या पायापर्यंत आला होता. मला वाटलं हे स्वप्नच आहे, कुणी हाक मारू नये.

कट्.

‘बाजा बेसूर होता त्याचा,’ आत्या म्हणाली. ‘तेव्हाही सांगितलं होतं.’

मी धीर केला. म्हटलं, आत्या, पुढे काय आहे?

‘पुढे काय? पुढे लग्न झालं.’

टोपली उचलून आत गेली.

१२ सप्टेंबर

रात्रभर ते एकच वाक्य. आज तिच्यामागे मागे फिरले, पीठ मळून दिलं, पाणी भरून दिलं. नाही सांगत. ‘विसरले मी’ म्हणते. खोटं! विसरलेल्या माणसाला बाजा बेसूर होता हे आठवत नाही.

मला ते कडवं हवंय. आता माझ्यासाठी नाही. ते तिच्याबरोबर गेलं तर कुठेच राहणार नाही, एवढंच कळतं.

५ ऑक्टोबर

अप्पांचं पत्र. एकवीस तारखेला सातव्या महिन्याचा बांगड्यांचा सोहळा, त्याच दिवशी मला बाळंतपणाला घेऊन जाणार. घराची परीक्षा असल्यासारखी आत्या पंधरा दिवस आधीच कामाला लागलीय. पाच तऱ्हेचे भात कोण करणार, बांगड्या किती डझन. इळंगोने सूसै अण्णाचींना कर्ण्याचं सांगितलं, त्याला काय माहीत! आत्याला कळलं तेव्हा तिने फक्त विचारलं, ‘तुझा बाप थांबणार आहे ना जेवायला?’

मला भीती वाटते. तिघं एका छपराखाली.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. अप्पा शेजारी आहेत, खिडकीकडे तोंड करून.

बांगड्या भरून झाल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत. बाळाच्या कानावर गाणं घालायचं म्हणून कर्णा बंद केला, आणि कुणी म्हणायचं यावर बायका एकमेकींना ढकलत होत्या. आत्या उठली. हळदीचे हात तसेच. अप्पा ओसरीवर बसले होते, त्यांच्याकडे सरळ बघून तिने सुरू केलं. पहिल्या ओळीला अप्पा उभे राहिले. ती थांबली नाही. अप्पा जागीच राहिले, मग खाली बसले. पहिलं कडवं. मग दुसरं! दिवा डोळा मिटत नाही. तो म्हणतो, मी मिटला तर तुझा तो येणार कसा? मी रडत होते. आणि मग ती तिसरं गायली.

गाणं संपलं. सूसै अण्णाची दारात, हातात वायर तशीच. म्हणाले, ‘रंजिदम, मी चाल दोनच कडव्यांना लावली होती. तिसरं नव्हतंच.’

आत्याने पदराला हात पुसले.

‘मग सत्तावीस वर्षं मी काय नुसत्या इडल्याच वाफवत होते?’