सातवी ओळ

३ नोव्हेंबर
आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. संशोधन केंद्रात मदतनीस म्हणून लागलो आणि मॅडमनी माझ्या हातात काचेची नळी दिली. आत चिमूटभर विटकरी पूड. गव्हावरचा तांबेरा रोग. म्हणाल्या, अरे, सांभाळून धर. त्या 'अरे'मध्ये केवढा जिव्हाळा. नाव अजून विचारलेलं नाही, पण नावाने तर परकेही हाक मारतात.
पूड पाण्यात कालवून त्यांनी ग्रीनहाऊसमधल्या सगळ्या रोपांवर मारली. सहा ओळी त्यांच्या नव्या वाणाच्या, तीन वर्षांची मेहनत. सातवी जुन्या गव्हाची. ती का लावलीय, तेही त्यांनी समजावलं. मी मान डोलावत होतो. बोलताना त्यांची कानामागची बट सुटते.
थोडी पूड बाहीला लागली. शर्ट धुणार नाही.

५ नोव्हेंबर
बोलणी खाल्ली. ग्रीनहाऊसला दोन दारं. आतलं लावल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, नाहीतर हवेबरोबर रोगही बाहेर. मी दोन्ही सताड उघडी टाकली. रागावल्या. माणूस आपल्याच माणसावर रागावतो. कॉलेजात सरांनी असंच चारचौघांत सुनावलं, तेव्हा जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघून आलो होतो, तो परत गेलोच नाही. इथे गप्प बसलो. प्रेम माणसाला सुधारतं.
संकल्प: दार लावणे. डोकं थंड ठेवणे. डिग्री पूर्ण करणे (पुढच्या वर्षी).

८ नोव्हेंबर
आईने शर्ट धुतलाच. दोनदा. डाग आहे तिथेच आहे.

११ नोव्हेंबर
सातव्या ओळीवर फिके ठिपके. बाकीच्यांचं काय ते दहा दिवसांनी कळेल, असं माळीकाका म्हणाले. पुढच्या महिन्यात तपासणीवाले येणार. वाण टिकला असं सिद्ध झालं तर मॅडमच्या प्रकल्पाची मुदत वाढेल, नाहीतर त्यांना सामान आवरावं लागेल.
मॅडम सातव्या ओळीपाशी उकिडव्या बसल्या, भिंगातून पान पाहिलं आणि मोठा श्वास सोडला. एवढं दुःख मी जवळून पाहिलेलं नाही. काकांना म्हटलं, काहीतरी करायला हवं. ते म्हणाले, "कळत नाही त्यात हात घालू नकोस, लेका. आणि पानं बघत जा, मॅडमना नको." म्हातारपणी माणूस कडू होतो.

१२ नोव्हेंबर, दुपारी दीड
सगळे जेवायला गेले होते. काकांची किल्ली खुंटीवर. कोठीतून बुरशीचं औषध आणलं, सातव्या ओळीला न्हाऊ घातलं. थोडं बाकीच्यांवरही उडालं. चांगलंच की. 'फवारणी करू नये' अशी पाटी आहे, पण ती कामगारांसाठी.
सांगणार नाही. रोपं टवटवीत झाली की त्याच विचारतील, कोणी केलं हे? मी फक्त हसेन.

१७ नोव्हेंबर
ठिपके पसरायचे थांबले. नवं पान हिरवंगार. मॅडम पान उलटंसुलटं करतात, पुन्हा भिंग लावतात. आनंद पचायला वेळ लागतो.
एक विचित्र गोष्ट. ग्रीनहाऊसमध्ये तांबेऱ्याचा नवा कण नाही, आणि मला तो सगळीकडे दिसतो. उशीच्या अभ्र्यावर. कपाच्या कानाला. या वहीच्या कोऱ्या पानावर विटकरी बोटाचा ठसा. बाहीवरचा डाग वाढलाय. आई म्हणते, कुठाय डाग?

२० नोव्हेंबर
सातव्या ओळीकडे पाठ करून काम करतो. ती बघते, हे पाठीला कळतं. पंखा बंद असताना तिचीच पानं हलतात. काका म्हणाले, पंखा चालू आहे.
शेवटी विचारलं त्यांना, ती ओळ लावलीय तरी कशाला? म्हणाले, रोग पडायला. ती रोगाने पडली तरच कळणार की रोग खोलीत होता, आणि मॅडमची रोपं त्याला पुरून उरली.
काकांना विज्ञानातलं काय कळतं. तरी तीन ग्लास पाणी प्यालो.

२२ नोव्हेंबर
सांगायचंच ठरवलं. घरी पाठ केलं. दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो, दोनदा रिकामा ट्रे उचलून परत आलो. उद्या नक्की.

२४ नोव्हेंबर
मॅडमनी सातव्या ओळीचं पान चुरगाळून हुंगलं. मग काकांकडे पाहिलं. औषधांच्या कोठीची किल्ली काकांकडे असते. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मान खाली घातली. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "मी."
त्या रागावतील म्हणून वाट पाहिली. रागावल्या नाहीत.
"ती मरायलाच लावली होती," म्हणाल्या.
पुन्हा लावू या का, काकांनी विचारलं.
"बी आहे, काका. मुदत नाही."
मग रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव काय तुझं?"
सांगितलं. लिहिता लिहिता त्यांनी ते उच्चारलं, बाबांच्या नावासकट, सावकाश, एकही अक्षर न चुकता.
बाही पाहिली. स्वच्छ होती. धुऊन धुऊन विरलेली.
निघालो. आतलं दार लावलं. हवा थांबेपर्यंत मध्ये उभा राहिलो. मग बाहेरचं उघडलं, आणि तेही लावून घेतलं.