गुडघ्यावरची विद्या

मेइजी सम्राटाचं १९वं वर्ष, मार्च ३

आज नवा पोलीस दारात — मोरिशिता तोकुजिरो. जुजुत्सु, म्हणजे हातघाईची विद्या शिकवणाऱ्या माझ्या बाबांशी दोन हात करायचेत म्हणे. सत्तरीच्या म्हाताऱ्याशी!

बाबा चहा पीत होते. म्हणाले, "आधी बसा."

"बसून कोण लढतं? आमच्या घराण्यात उभ्यानं उचलून आपटतात."

"आमच्यात बसूनच. सरदाराच्या घरी तलवार दाराशी ठेवावी लागे. दगा व्हायचा तो चटईवर, समोरासमोर बसलेले असताना. किवा, पोरी, दाखव याला."

मी! मुळा चिरत होते, तशीच आले. त्यानं मनगट धरलं — जपून, बाईमाणूस म्हणून. पुढच्या क्षणी त्याचं तोंड चटईत, कोपर माझ्या गुडघ्याखाली.

"सोडा ताई, सोडा! चोर कोण पकडेल उद्या?"

बाबा इतके हसले की चहा सांडला. कधी हसले होते असे?

मार्च ९

मोरिशिता पुन्हा आला. सुकी मासळी घेऊन!

त्याचा प्रश्न — कुणी फेकतं, कुणी मर्मावर ठोसा मारतं, तुम्ही सांधा धरता. जुजुत्सुचं खरं मूळ कुठलं?

बाबा म्हणाले, "रणांगण. चिलखतावर ठोसा मार, तुझीच बोटं मोडतील. म्हणून पाडायचं, दाबायचं, आखूड सुरा काढायचा. लढाया संपल्या, चिलखत उतरलं, मग ठोसे आले. अंगावर जे असेल तसं घराणं."

"आणि डोंगरातल्या लांबनाक्या भुतानं शिकवलं म्हणतात ते?"

"भुताला दुसरे उद्योग नाहीत?"

मार्च १५

बाबांनी आज मला मावशीच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

एप्रिल २

मोरिशितानं शिष्य करून घ्या म्हटलं. बाबांनी मान हलवली. "आता हात थरथरतात. तालीम माझ्याबरोबर बंद."

"ताई आहेत की! त्यांच्याकडं शिकतो."

मी कसली शिकवणार? बाबांनी मला कधी शिकवलं नाही. शिष्य फौजेत गेले, गिरणीत गेले. उरलेल्यांना डाव दाखवायला कुणाचं तरी अंग हवं म्हणून मी. मला नाही, माझ्यावर शिकवलं!

"ठाण्यात सांगशील, बाईनं शिकवलं म्हणून?" बाबांनी त्याला विचारलं.

"त्यांनी मला चटई चाटवली हे अख्ख्या ठाण्याला ठाऊक आहे."

 बाबा उठले, मला तालमीतल्या देवापुढं नेलं, स्वतःच्या, गुरूच्या जागेवर बसवलं. मी उठू लागले, तर खांदा दाबून धरला.

कुणाकुणाचे उपकार मानू? त्या पोलिसाचेही!

एप्रिल २०

डाव सांगता सांगता बाबांचा हात हवेतच राहिला. "पुढं काय गं?"

मी सांगितलं. मोरिशिता खाली बघून पट्टा बांधत बसला. पट्टा बांधलेलाच होता. भला माणूस.

मे ६

बाजारात दारुड्यानं सुरा उपसला. मोरिशितानं त्याच्यासमोर चक्क गुडघे टेकले! "वार डोक्यावरून गेला, ताई. मग मनगट धरलं. त्याचं हाडही नाही मोडलं." दोघंही जिवंत. दारुड्याची बायको येऊन माझ्या पुढ्यात मुळे ठेवून गेली. किती रडली!

बाबांनी सगळं ऐकलं. मोरिशिता गेल्यावर विचारलं, "कोण होता हा?"

मे ११

आज सकाळी बाबा तालमीत खालच्या टोकाला, नवशिक्याच्या जागी येऊन बसले. कपाळ चटईला टेकवलं. म्हणाले, "नवा आहे, बाई. मला शिकवाल?"

मी जवळ जाऊन बसले. मनगट पुढं केलं.