आकडा सांग, मुन्ना

प्रिय गजूदादा,

तुला पत्र लिहायचं असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. माझं अक्षर तुला माहीतच आहे, बारावीचा पेपर तपासणाऱ्यालाही ते लागलं नाही. पण काल दुपारी सव्वाबाराला तू फाईल पाठवत होतास. मग लिहिणं भाग आहे ना?

थट्टा नाही, दादा. गोंदियात बसून मी त्या दूरच्या मशीनवरची यादी उघडली. फाईलच्या पुढे वेळ कालची, पाठवणाऱ्याचं नाव गजानन. तुला जाऊन दीड महिना झाला! वहिनी तुझ्या परीला घेऊन सडक अर्जुनीला माहेरी गेली आहे आणि इथं दरेकशाला तुझ्या घराला कुलूप आहे. मग माझ्या डोळ्यांसमोर आकडा वाढवत कोण होतं?

आज सकाळच्या गाडीनं इथं आलो. तुझ्याच खोलीत, तुझ्याच स्टुलावर बसून लिहितो आहे. उन्हं अजून अंगणात आहेत म्हणून बसवतं आहे.

याच स्टुलावर तू मला हे सगळं शिकवलंस. लोक फॉर्म भरायला यायचे, प्रिंट काढायला यायचे, आणि मी कुठून तरी भटकून जेवायच्या वेळेला बरोबर यायचो. एकदा तू म्हणालास, "फुकट जेवतं, तं काहीतरी शीक."

"तिकडे दूर एक मशीन आहे," तू सांगितलंस. "ती झोपत नाही. तिचं काम एकच, हाक आली की दार उघडायचं. हाक मारणाऱ्यानं तीन गोष्टी सांगायच्या. पत्ता, नाव, पासवर्ड. मग इथून तिच्यावर चढवलं का अपलोड, तिच्याकडून उतरवलं का डाउनलोड. चढवीन मी, उतरवशीन तू. समजून राहिलं का?"

"पण अख्खी फाईल तारेतून जाते कशी?"

"तुकडे तुकडे होऊन जाते. तिकडे गेल्यावर पुन्हा जुळते."

"आणि एखादा तुकडा वाटेतच राहिला तं?"

"म्हणून तं आकडा पाहायचा, मुन्ना. फाईल केवढी आहे तो आकडा. इकडे जितका, तिकडे तितकाच पाहिजे. पाहिल्याशिवाय पोचली म्हणायचं नाही."

तेव्हाच ते जमाकुडो गावाकडचे म्हातारे बाबाजी आले होते, आठवतं? तू त्यांचा सातबारा स्कॅन करून तहसीलला पाठवत होतास, आणि त्यांनी कागद मुठीत असा आवळला की सोडेचनात. "तो तिकडं गेला तं मले काय राहीन?" तू किती हसलास! म्हणालास, "बाबाजी, फाईल कुठं जात नाही. तिची नक्कल जाते. मूळ जिथल्या तिथंच राहते."

तेव्हा मीही हसलो होतो. काल गाडीचं तिकीट काढताना तेच वाक्य आठवलं आणि सुटे पैसे खिडकीवरच राहिले.

मग तुझ्या गळ्यात ती गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. तू रडला नाहीस. परीच्या हातात रेकॉर्डर दिलास आणि तिच्यासाठी तासभर बोलत बसलास. पुढं तिला बापाचा आवाज हवासा वाटला तर असावा म्हणून. तुझा कॉम्प्युटर जुना. "हा डबा कधी बसन त्याचा नेम नाही," म्हणून ती फाईल तू त्या मशीनवर चढवलीस आणि मला फोन केलास.

मी त्या वेळी आपल्या इकडच्या प्रतापगडाच्या पायऱ्यांवर होतो. गोंदियात बसून आकडा पाहीन असं तुला कबूल केलेलं, पण सडक अर्जुनीच्या ढाब्यावर एक ट्रकवाला ओळखीचा निघाला, तो दर्ग्याला चालला होता, आणि मी आपला चढलो. माझं नेहमीचंच. वर वारा इतका छान होता की... जाऊ दे. वाऱ्याचं काय सांगत बसलो मी तुला!

"मुन्ना, पोचली का?"

"पोचली, दादा."

"आकडा सांग."

"जितका तुझा तितकाच आहे ना. कायले टेन्शन घेतं?"

"पाहून सांगून राहिला ना?"

"पाहूनच."

"मग इकडची काढून टाकू?"

"टाक."

दुसऱ्या दिवशी तुझं ऑपरेशन झालं. म्हणजे तुझा आवाज मी शेवटचा ऐकला तो त्या फोनवर. आणि त्याला मी काय उत्तर दिलं?

तू नागपूरहून घरी आलास तेव्हा परीची पाटी घेऊन बसायचास. मी भेटायला आलो. तू पाटीवर एकच शब्द लिहिलास, "आकडा?" आणि माझ्यासमोर धरलास. मला वाटलं, लाइट गेली आहे म्हणून तू खांबावर आकडा टाकायचं म्हणतोस! म्हणालो, "दादा, तुझ्याकडं मीटर आहे ना, आता कायले चोरी करतं?" वहिनी हसली. तूही खांदे हलवून हसलास, आवाज न करता, आणि पाटी पुसून टाकलीस.

तू काय विचारत होतास ते मला आज कळतं आहे, दादा. पुन्हा का नाही लिहिलंस? दोन शब्द जास्त लिहायचे होते. एक शिवी लिहायची होती!

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्याहिचा आवाज आणून द्या ना. परी विचारून राहिली, बाबा कधी बोलन म्हणून." तेव्हा कुठं मी ती फाईल पहिल्यांदा उघडली. निम्मीसुद्धा नव्हती. तू म्हणतोस, "परी, आता नीट ऐक, सगळ्यात मोठी गोष्ट अशी का" आणि संपलं. पुढं काही नाही. शेजारच्यानं मधेच दार लावून घ्यावं तसं.

मूळ तर मीच काढायला लावलेलं. वहिनीला काय सांगणार? म्हणालो, "उतरून राहिली, वहिनी. नेट हळू आहे." दुसरं खोटं.

आणि चार दिवसांनी पाहिलं तर फाईल वाढलेली होती. मला वाटलं मी आधी चुकीचं वाचलं. पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं, अजून वाढलेली. तुझा आवाज त्या वाक्याच्या पुढं सरकला होता! त्या दिवशी मी पुढचं ऐकलंच नाही. हेडफोन काढून सरळ रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

आज शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली. "एकटाच जाऊन राहिला का? गजू भेटला तं सांगजो, माझा आधार कार्डाचा फॉर्म राहिला," म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दार उघडलं. तुझ्या फोटोसमोर तो लाल झिरोचा दिवा जळत होता. कॉम्प्युटरवर वहिनीनं घातलेलं कापड तसंच होतं, पण कापडाखालून हिरवं काहीतरी लुकलुकत होतं. हात लावला. कापड कोमट होतं, दादा. अंगावरून काढलेल्या सदऱ्यासारखं.

कापड उचललं. पडद्यावर यादी, यादीत एकच फाईल, आणि पुढं सत्त्याऐंशी टक्के.

थोडा वेळ मी दारातच जाऊन बसलो. मग जमेल तसं जुळवलं. दिवा अखंड राहावा म्हणून वहिनीनं बोर्ड चालू ठेवला. त्याच बोर्डावर तुझा कॉम्प्युटर आहे, आणि करंट आला की आपोआप उठायचं हे तूच त्याला शिकवून ठेवलेलं. नेटचे पैसे तू वर्षभराचे भरलेले. लाइट जाते, लाइन तुटते, पुन्हा येते, आणि तो जिथं थांबला होता तिथून पुढं पाठवायला लागतो. कोणी यात भूत नाही. इतकं मला कळतं.

पण फाईल यादीत टाकल्याची तारीख पाहिली. पाटीवर तू "आकडा?" लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे तू स्वतः उठून इथं आलास, आकडा पाहिलास, मी खोटं बोललो ते तुला कळलं. इकडची फाईल तू काढलीच नव्हतीस. तू ती पुन्हा पाठवायला लावलीस, आणि मग परत नागपूर, आणि मग संपलंच. इतके दिवस मी तुझ्या उशाशी बसायचो, मोसंब्या सोलायचो, आणि तू माझ्याकडं पाहायचास. काय पाहायचास?

पेन ड्राइव्हवर दोन मिनिटांत घेता आली असती. घेतली नाही. स्टुलावर बसून राहिलो. शंभर झाले तेव्हा डोंगराकडून मालगाडी जात होती, खिडकी थरथरत होती. दोन्हीकडचे आकडे कागदावर लिहिले, एकेक अंक बोटानं ताडला, आणि मोठ्यानं वाचून दाखवले. रिकाम्या खोलीत. फोटोसमोरचा दिवा जरा मंद झाला, मग परत नीट. व्होल्टेज असेल. दरेकशात असतंच.

मग सगळं ऐकलं. सगळ्यात मोठी गोष्ट अशी का शाळेतून आल्यावर आधी हातपाय धुवायचे! मी एवढा घाबरलो होतो त्याला, आणि तू हे सांगत होतास! शेवटी तू परीला म्हणतोस, "झालं. आता बंद कर." आणि माझा हात बोर्डाकडं गेला, दादा. खरंच गेला. बटणावर बोट होतं. दाबलं असतं तर दिवाही गेला असता. हात मागं घेतला आणि बराच वेळ मांडीखाली धरून बसलो.

बोर्ड तसाच ठेवून कुलूप लावतो आहे.

उद्या सडक अर्जुनीला जातो. वाटेत कोणी ओळखीचा ट्रकवाला भेटला तरी चढणार नाही, हा शब्द. वहिनीला आधी सांगेन की मी पायऱ्यांवर बसून तुझ्याशी खोटं बोललो, आणि नंतर तिच्याशीही. ती काय बोलायचं ते बोलून घेईल. मग परीला तुझा आवाज ऐकवीन. याच क्रमानं. त्यांनी तुझा आवाज आधी ऐकला तर मला कोणी रागावणारच नाही, आणि मी तेवढ्यावर सुटून जाईन.

तुझा
मुन्ना